राखणदाराचा होकार

रत्नागिरीत आमची आळी जिथं संपायची तिथं आमचं घर, आणि आमचं आगर जिथं संपायचं तिथं राखणदार. राखणदार म्हणजे सुरंगीच्या झाडाखालचा एक काळा, ओबडधोबड दगड. त्याला ना नाक ना डोळे. पण आमच्या आगराची, माडांची, फणसांची आणि आम्हां सगळ्यांची राखण तोच करतो, यात घरात कोणाला शंका नव्हती. तो रात्रीचा घोंगडी पांघरून गडग्यावरून फिरतो, हातात काठी असते, आणि पाठमोराच दिसतो, असं आजोबा सांगत. आजोबांना सगळी आळी तात्या म्हणे, म्हणून मीही तात्याच म्हणायची. गडगा म्हणजे आमची जांभ्या दगडांची नुसती रचलेली भिंत. तिच्या पलीकडे सडा, नुसता तापलेला कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. तिकडे जायचं नाही, एवढंच आम्हां पोरांना माहीत होतं.

तर घरात काही ठरवायचं झालं की ते माणसांनी ठरवायचं नाही, राखणदारानं ठरवायचं. बाकीचे लोक देवळात कौल लावत. आमच्या तात्यांची तऱ्हा निराळी. तिन्हीसांजेला केळीच्या पानावर नैवेद्य वाढायचा, तो दगडापुढे ठेवायचा, हात जोडून प्रश्न सांगायचा, आणि पानावर बांबूचा मोठा हारा पालथा घालायचा. सकाळी पान रिकामं असलं तर होकार. नैवेद्य जसाच्या तसा असला तर नकार. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण कावळ्याकुत्र्यांची लबाडी चालायला नको म्हणून तात्या त्या हाऱ्यावर एक चिरा ठेवायचे. चिरा म्हणजे घराच्या भिंतीला लावतात तो अख्खा जांभा दगड, जो उचलताना आमचा गडी गुणाजी कण्हायचा. आता सांगा, कुठला राखणदार तो चिरा बाजूला करून दहीभात खाईल? दर खेपेला सकाळी नैवेद्य तसाच, मुंग्या लागलेला, आणि तात्या मान हलवून म्हणत, "नाही म्हणतोय हो तो. त्याच्या मनात नाही."

त्याच्या मनात कधीच काही नसे. घराला मंगलोरी कौलं घालायची होती, नाही. विहिरीवरचा रहाट जुना झाला होता, रात्रंदिवस कुरकुरायचा, तो बदलायचा होता, नाही. माझे वडील मुंबईला एका पेढीवर कारकून होते. त्यांना बिऱ्हाड करून आम्हांला तिकडे न्यायचं होतं. तो प्रश्न दोनदा ठेवला गेला आणि दोन्ही वेळा सकाळी दहीभातावर मुंग्या. आईचं माहेर अंजनवेलचं. दिवाळीला माहेरी जायचं तिनं एकदा काढलं, तर तेही हाऱ्याखाली गेलं. त्या सकाळी पान उचलायला आईच गेली होती. ती परत येताना मी तिचं तोंड बघितलं. रडली बिडली नाही ती. नैवेद्य गाईला घातला, हात धुतले आणि भाकरी थापायला बसली. मला मात्र त्या दगडाचा असा राग आला, असा राग आला की मी त्याला लांबून एक खडा मारला आणि मग भीतीनं दोन दिवस आजारी पडले.

मी मराठी चौथी झाले त्या वर्षीची ही गोष्ट. मला इंग्रजी शाळेत जायचं होतं. का जायचं होतं, तर माझ्या वर्गातली एक मुलगी जाणार होती आणि ती माझ्यापेक्षा गणितात कच्ची होती. एवढंच साधं कारण. मोठेपणी लोकांनी मला फार मोठमोठी कारणं चिकटवली, पण खरं हे आहे. मी हट्टी होते, अजूनही आहे, सुनांना विचारा. तर मी घरात भुणभुण लावली. नेमकं तेव्हाच आमच्या शेजारच्या जनूकाकांनी केळशीचं एक स्थळ आणलं. मुलाकडे नारळी-पोफळीची बाग, घरात दुभतं, आणि मुलगा शांत. "लग्न मागाहून होईल, पण बोलणं करून ठेवू. मुलगी शाळेत गेली की शेफारते, मग केळशीकर नाही म्हणतील," असं जनूकाका पडवीत बसून सुपारी कातरत म्हणाले. म्हणजे शाळा तरी, नाहीतर केळशी तरी. मी दाराआड उभी होते. तात्या म्हणाले, "बघू. त्याला विचारू." झालं! त्याला विचारू म्हणजे काय होणार ते मला कळून चुकलं.

वैशाख चालू होता. कोकणातला वैशाख म्हणजे फणस, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. घरात शिरलं की वास, माजघरात वास, अंथरुणाला वास. सकाळी मऊ भाताबरोबर भाजलेल्या आठळ्या, दुपारी आठळ्यांची उसळ, मधल्या वेळी गरे, पडवीत सुपांवर वाळत घातलेली फणसाच्या रसाची साठं आणि त्यांवर माश्या हाकायला मी. फणसात दोन जाती. कापा हा मानाचा, घट्ट गऱ्यांचा, पाहुण्यांना आणि देवाला. बरका म्हणजे लिबलिबीत, घशात सुळकन उतरणारा, उग्र वासाचा, तो घरच्यांना आणि गुरांना. मला बरकाच आवडे, कारण त्याच्या रसाची सांदणं होत. तांदळाच्या रव्यात तो पिवळाधमक रस, गूळ, आणि वाफेवर फुगलेली ती मऊ सांदणं. नारळाच्या दुधात बुडवून मी किती खायची ते सांगत नाही. आईला मात्र बरक्याचा वाससुद्धा सोसत नसे. पदर नाकाला लावून ती तो फोडायची आणि म्हणायची, "शिंचा बरका! माझ्या पोटात नुसतं ढवळतं गो." आमच्या आळीत सगळे जण फणसाच्या साली, चारखंडं आणि नासके फणस गडग्यापलीकडे फेकून देत. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. वैशाख संपेपर्यंत तिथं कुजक्या फणसांचा डोंगर होई.

त्या वर्षी खालच्या आळीतल्या बायका विहिरीवर एक नवीनच गोष्ट सांगू लागल्या. काहीतरी जनावर पहाटेचं येतंय आणि गडग्यापलीकडचे ढीग उसकटतंय. एकीच्या दारातलं साठांचं सूप उपडं केलं, एकीच्या पोफळीखालचं वारूळ उकरून टाकलं. कोणी म्हणे डुक्कर, कोणी म्हणे तरस. आई एरवी विहिरीवर गप्पांत पडत नसे. कळशी भरली की चालू लागायची. पण त्या दिवशी ती थांबली. "खातं काय ते?" तिनं विचारलं. "बरका," खालची बाई म्हणाली. "कापा ठेवलेला शिवलं नाही हो, बरका मात्र साफ. वासावर येतं मेलं." आईनं कळशी कमरेवर घेतली आणि निघाली. मी तिच्या मागून दुसरी छोटी कळशी सांडत सांडत.

मग तो दिवस आला. नैवेद्याचं बघायचं काम आईचं. मी सकाळपासून सांदणांची वाट बघत होते, कारण आदल्या दिवशी गुणाजीनं एक दांडगा बरका उतरवून आणला होता, मधासारखा पिकलेला. पण दुपार झाली तरी सांदणं नाहीत. मी विचारलं तर आई खेकसली, "आज नाहीत. जा, साठं बघ." संध्याकाळी तात्या सोवळं नेसून निघाले, मागे झाकलेलं पान घेऊन आई आणि तिच्या मागे मी. तात्यांनी दगडापुढे हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, की बा महाराजा, ही आमची इंदू इंग्रजी शाळेत जायचं म्हणते, तुझी मर्जी असेल तर पान घे, नसेल तर तसंच ठेव. गाऱ्हाण्याला "होय महाराजा" म्हणायचं काम माझं. मी म्हटलं, पण आवाज रडका निघाला. आईनं पान ठेवलं आणि घाईघाईनं त्यावर हारा घातला. तात्यांना मोतीबिंदूमुळे संध्याकाळचं दिसत नसे. गुणाजीनं चिरा ठेवला, कण्हला, आणि आम्ही परत आलो. मला जेवण गेलं नाही. केळशीची बाग, दुभतं आणि तो शांत मुलगा माझ्या डोळ्यांपुढे नाचत होते.

सकाळी रहाटाची कुरकुर सुरू व्हायच्या आधीच तात्यांची हाक आली. अशी हाक त्यांनी आयुष्यात कधी मारली नव्हती. आम्ही धावलो. हारा लांब माडाच्या आळ्यात जाऊन पडला होता, चिरा कलंडून सुरंगीच्या मुळाशी, आणि पान? पानावर एक कणसुद्धा नाही. पान चाटूनपुसून लख्ख! तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बोलला गो! इतक्या वर्षांनी बोलला!" ते म्हणाले आणि त्यांनी दगडापुढे लोटांगण घातलं. मी तर उड्याच मारल्या. आई मात्र चिऱ्याकडे बघत होती, आणि मग पदर तोंडाला लावून घराकडे वळली. मला वाटलं, तिलाही रडू आलं. गुणाजी तेवढा मातीत वाकून बघत म्हणाला, "तात्यानु, ह्ये काय बरोबर दिसत नाय मला." पण त्याचं ऐकतो कोण?

तात्यांनी दुपारीच जनूकाकांना सांगून टाकलं की केळशीकरांना कळवा, पोरगी शाळेत जाणार. आणि इथंच न थांबता त्यांनी राखणदाराचे उपकार फेडायला घेतले. त्याला बरका आवडतो असं पानावरच्या वासावरून त्यांच्या ध्यानात आलं; पानावर बरका आला कुठून, हे विचारायचं त्या आनंदात कोणाला सुचलं नाही. "आणि आम्ही मूर्ख त्याला दहीभात घालत बसलो!" असं हळहळून त्यांनी रोज संध्याकाळी एक अख्खा बरका, फोडून, वर गुळाचा खडा घालून ठेवायचं फर्मान काढलं. हाऱ्याची आता गरज काय? रोज सकाळी फणस साफ. आळीत तात्यांचा मान वाढला. दोन-तीन घरांनी आपल्याही आगराच्या टोकाला बरके ठेवायला सुरुवात केली. आईनं तेवढं एकदा म्हणून बघितलं, "रोज कशाला हो ठेवायचं? एकदा मिळाला होकार, बास नाही का?" तात्या म्हणाले, "तुला नाही कळायचं." पण तेव्हापासून आई मला आगरात एकटीला जाऊ देईना.

एका सकाळी उजाडता उजाडता तात्यांना राखणदाराला फुलं वाहायची हुक्की आली. मला हाताला धरून ते निघाले. धुकट उजेड होता, लांबून समुद्राची गाज ऐकू येत होती. सुरंगीपाशी पोचतो तो काय! दगडापुढे कोणीतरी बसलेलं. पाठमोरं. काळी, झुबकेदार घोंगडी डोक्यावरून घेतलेली, आणि खांदे हळूहळू हलतायत. तात्या जागच्या जागी खिळले. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की दुखला. मग सावकाश ते गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा महाराजा, बारा गावच्या बारा वाटा सांभाळणाऱ्या, आज डोळ्यांचं पारणं फेडलंस..." मीही हात जोडले होते. पण मला मात्र त्या घोंगडीला कान दिसले. गोल, केसाळ कान! तरी सवयीनं, गाऱ्हाणं थांबलं तिथं माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "होय महाराजा!"

महाराजांनी मागे वळून बघितलं. लांब, भुरकट तोंड, बारीक डोळे, ओठाला लटकणारा एक पिवळा गरा आणि छातीवर जानव्यासारखा पांढरा पट्टा. अस्वल! ते दोन पायांवर उभं राहिलं, फुस्स करून असा श्वास टाकला की बरक्याचा वास आमच्या तोंडावर आला. तात्यांचे हात जोडलेले ते जोडलेलेच. किती वेळ आम्ही एकमेकांकडे बघत होतो कोण जाणे. मग त्यालाच आमचा कंटाळा आला असावा. ते चार पायांवर खाली आलं आणि उरलेला अर्धा फणस तोंडात धरून गडग्यावर चढलं. गडग्याचे दगड धडाधड कोसळले आणि ते सड्याच्या अंगाला दिसेनासं झालं. आवाजानं आई उलथनं हातात घेऊनच धावत आली. आधी तिनं मला एक थोबाडीत दिली, मग उराशी धरलं, आणि गुणाजी मातीतले पंजे दाखवून "अस्वल हाय" म्हणाला तेव्हा ती पांढरीफटक पडली. "अगोबाई, अस्वल? मला वाटलं..." एवढं बोलून तिनं ओठ मिटले.

घाटाखालच्या रानातली अस्वलं आमच्या समुद्रकाठाला कशी आली, यावर आळीत पुष्कळ चर्चा झाली. तिकडे वणवे लागले होते म्हणे. आता मी म्हातारी झाले, वर्तमानपत्रात वाचते, की अमुक कॉलनीत बिबट्या शिरला आणि तमुक सोसायटीच्या जिन्यात सापडला, आणि लोक विचारतात, हे आजच का व्हायला लागलं? आजच नव्हे हो. आपण दारात मेजवानी मांडायची आणि पाहुणा आला की बोंब मारायची, हे तेव्हाही होतंच.

त्या सकाळी मात्र मला अस्वलाचं काही नव्हतं. मला माझ्या होकाराची काळजी लागली होती. पडवीत सगळी आळी जमली आणि जनूकाका मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे होकार अस्वलाचा! तात्या, केळशीकरांना मी अजून कळवलं नाहीये, वेळ गेलेली नाही. आणि वाटेत अस्वलं हिंडतायत, पोरीला पाखाडीच्या पायऱ्यांनी शाळेत पाठवणार कसं? खालच्या आळीत बंदूक आहे, आधी त्याचा निकाल लावू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मऊ भाताला हात न लावता तात्या उठले आणि एकटेच आगरात गेले. आई चुलीपुढे बसून होती, तिच्या पिठल्याला गुठळ्या झाल्या होत्या. मी खांबाला टेकून मनातल्या मनात त्या दगडाला, ज्याला मी खडा मारला होता, हात जोडत होते. जनूकाका सुपारी कातरत होते, कट्‌ कट्‌ कट्‌.

ऊन चांगलं वर आल्यावर तात्या परतले. पायरीवरच थांबून म्हणाले, "बंदूक नको. मी त्याला हात जोडलेत. ज्याला हात जोडले त्याला गोळी घालायची आमच्या घरात रीत नाही. फणसांची घाण आजपासून खड्डे काढून पुरायची, सगळ्यांनी. आणि फणस ठेवणं बंद. मिळालं नाही की जाईल तो आपल्या वाटेनं."

"आणि पोरीची शाळा?" जनूकाकांनी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "जनू, इतकी वर्षं हाऱ्यावर चिरा मी ठेवला आणि नकार त्याच्या नावावर घातला. आज तिथं बसून चिरा हलवून बघितला रे. मला हलला नाही. देवालाही लाजवील असा चिरा ठेवायचा आणि वर त्याची मर्जी विचारायची! तो बाजूला करायला रानातून अस्वल यावं लागलं. आता आणखी कोणाची वाट बघू? जाईल ती शाळेत. फणस सरेपर्यंत गुणाजी डबा वाजवत पोचवील." माझा जीव असा भांड्यात पडला म्हणता! मी धावत जाऊन तात्यांच्या कमरेला मिठी मारली.

तो चिरा पुढे विहिरीच्या पायरीला लागला. कळशी टेकवायला फार सोयीचा झाला. रहाट बदलला, आणि त्या दिवाळीला आई अंजनवेलला गेली, कोणालाही न विचारता, नुसतं सांगून. अस्वल मी आणखी एकदाच बघितलं. गुणाजीनं गडगा नीट करताना बोट दाखवलं, तर लांब सड्यावर एक काळा ठिपका घाटाच्या दिशेनं झुलत झुलत चालला होता. मी त्याला पुन्हा हात जोडले.

शाळेच्या पहिल्या दिवशी आई मला पोचवायला पाखाडीच्या तोंडापर्यंत आली. खाली गुणाजी डबा बडवत उभा होता. तिनं माझ्या हातात पितळी डबा दिला. गरम होता, उघडून बघते तर सांदणं! झाडावरच्या शेवटच्या बरक्याची. "त्या दिवशी राहिली होती ना तुझी," आई म्हणाली. मग तिनं इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, "दहीभात नव्हता गो त्या पानावर. तो दांडगा बरका मीच फोडून ठेवला होता. म्हटलं, ते डुक्कर की काय ते वासावर येतंय, तर येऊ दे आमच्याकडेही. अस्वल असेल असं स्वप्नातसुद्धा आलं नाही. त्या सकाळपासून छातीतली धडधड गेली नाही माझी."

"आणि कोणी आलंच नसतं तर?" मी विचारलं.

आईनं माझी वेणी पाठीवर नीट केली. "तर मी गेले असते पहाटे," ती म्हणाली, "चिरा ढकलला असता, आणि बसून सगळा बरका खाल्ला असता."